ब्रीदरला मारलेलं बूच

वानखेडे मिस्त्री इंजिन चालू ठेवलेल्या ट्रकखाली वाकून ब्रीदरच्या नळीपाशी नाक न्यायचे. जळक्या तेलाच्या त्या ऊन वाफेनं मला लांबूनही मळमळायचं. ते मात्र डोळे मिटून दोनदा हुंगायचे, बाहेर येऊन थुंकायचे आणि निकाल द्यायचे, "रिंगा घासल्या हिच्या. दोन महिने काढन." ट्रक दोनच महिने काढायचा.

भिलाईजवळ रसमड्याच्या एका कारखान्यात ट्रकांच्या गॅरेजवर मी नवा इंजिनियर होतो, ते हेड मिस्त्री. मी भिलाईत स्टील प्लांटच्या सेक्टरमध्ये वाढलेला, ते आर्वीकडचे. धाकटा भाऊ रेल्वेत, म्हणून चरोद्याला त्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. साहेबांच्या भेटी, हारतुरे, रंगरंगोटी, सगळ्याचा त्यांना वीट होता. "वरून पेंट मारून राहिले," म्हणायचे, "आत कोन पाह्यते?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ब्रीदर शिकवला. "पिस्टन कितीबी कसला तरी थोडी गॅस रिंगाइतून खाली उतरतेच. खाली क्रँक तेलात फिरून राह्यला. तिथं गॅस जमली तं तिले वाट पायजे. मानसाच्या पोटासारखंच हाय, साहेब. तुमी चारचौघांत दाबून धरता, इंजिन नाई धरत. वाट बंद केली तं सील फोडून तेल बाहेर फेकते." कॉलेजात जे चार पानांत कळलं नव्हतं ते तिथं उभ्या उभ्या कळलं. आजच्या ट्रकांत ती वाफ गाळतात, तेल परत खाली सोडतात आणि उरलेली गॅस इंजिनालाच पाजतात. तेव्हा नळीचं तोंड सरळ जमिनीकडे असायचं आणि खाली काळे थेंब पडायचे.

त्या थेंबांपायी माझी मती फिरली. मोठे साहेब यायचे होते. मी फरशी लाल रंगवून घेतली आणि मिस्त्रींना सांगितलं, "भेट होईपर्यंत नळ्यांना बुचं मारा."

"कावून?"

"डाग पडतात."

जणू मी त्यांच्यासमोर ओकलो होतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिन हाय का नवरी?" म्हणाले. पण साहेब मी होतो. त्यांनी लाकडं तासली आणि उभ्या आठ ट्रकांना बुचं ठोकली. मोठे साहेब फरशीवर खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल घाईनं पाठवायचा होता. मिस्त्री कामावर येऊन बुचं काढायच्या आत मीच गेटपासवर सही केली आणि दिलहरण नावाचा ड्रायव्हर ट्रक घेऊन गेला. नळी बंदच होती. राजनांदगावच्या अलीकडे सील फुटलं, तेल सांडलं, इंजिन जाम झालं. मी अहवालात लिहिलं, 'चालकाने तेल न तपासता गाडी नेली.' दिलहरणची नोकरी जाणार हे मला माहीत होतं. त्याला तीन लेकरं होती, हेही माहीत होतं.

ओढून आणलेल्या ट्रकखाली शिरून मिस्त्रींनी बूच उपटलं आणि कागदावर ठेवून माझ्या टेबलावर आणलं. "तुमी सांगता का मी सांगू?" मी फाइल चाळत राहिलो.

चौकशीत मिस्त्रीच बोलले. "बूच माराले साहेबानं सांगतलं, म्या मारलं. दोघाइचं नाव लिवा." मोठे साहेब हसले. कागदावर एकच नाव आलं. दिलहरण सुटला. मिस्त्रींचं हेडपण गेलं आणि त्यांना ट्रक धुवायच्या रॅम्पवर टाकलं. निकालाखाली सही माझी होती.

दिलहरणला चौकशीच्या वेळी बाहेर बसवलं होतं. त्याला कळलं ते कागदावरचं. मिस्त्री समोर आले की तो तोंड फिरवायचा. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. ते बघवेना, तेव्हा एकदा मी रॅम्पवर गेलो. "मिस्त्री, त्याला खरं काय ते का सांगत नाही?"

त्यांनी पाण्याचा पाइप बंद केला नाही. "काय सांगू? हात माहेच होते. मले सारं ठावं होतं अन् तरी मारलं बूच. मंग मले अक्कल कायले?" चिखलात थुंकले. "तुमचं जे हाय ते तुमी सांगा त्याले."

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत माझी बढती झाली.

रिटायर होऊन दोन वर्षांत मिस्त्री गेले. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि भेटला असता तर त्याच्याशीही मी असाच वागलो असतो. चरोद्याला त्यांच्या भावाकडे भेटायला गेलो तेव्हा दिलहरण आलेला होता, अंगणात लांब उभा. मी निघालो तसा तो पुढे आला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"मरे आदमी का क्या बोलना, साहब," हलक्या आवाजात म्हणाला, "पर मिस्त्री ने तो मेरी नौकरी खा ही ली थी. आपके दस्तखत से बच गया."

मिस्त्रींचा भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. मी "हं" म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.