राऊटरचे पाणकर

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, इंटरनेट सोडायचे. वापरायचे नाहीत, सोडायचे. आयुष्यभर त्यांनी गावतलावाचे पाणकर म्हणून धानाच्या बांध्यांना पाळीपाळीने पाणी सोडलं. म्हातारपणी तलावावर दुसरा माणूस आला आणि घरात राऊटर.

तो बसवायला लाखनीहून आलेल्या माणसाला त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "याचं तुडूम कुठी हाये?" तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. त्या बिचाऱ्याने मोबाइलवर सेटिंगचं पान उघडून दाखवलं. कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड इथे टाकायचा, कोणत्या घराला कोणत्या वेळी नेट द्यायचं ते इथे. मामाजींनी चहा पाजून पाजून तेच पुन्हा करायला लावलं. तेव्हापासून तुडूम त्यांच्या हाती.

गावात मोबाइलला रेंज नाही. कनेक्शन एक, घरं तीन. वर दीर, मध्ये आम्ही, बोळीच्या टोकाला जनाकाकू. तलावाचा कायदा मामाजींनी जसाच्या तसा लावला. "तळाच्या बांधीले आधी. वरचे त बसल्या जागी पितेत." म्हणून सकाळ जनाकाकूची, ती पुण्याच्या नातवाशी बोलायची. पोटच्या पोराची, म्हणजे दिराची, पाळी सगळ्यांत शेवटी. भाऊजी कुरकुरले की मामाजी सुपारी कातरत विचारायचे, "काहून? तुया धान वाळून राहिला का?"

माझ्या लेकीची, रुचीची, नर्सच्या नोकरीसाठी मुलाखत होती, मोबाइलवरच, सकाळी अकराला. नेमकी जनाकाकूच्या पाळीत. मी आदल्या दिवशीच मामाजींच्या कानावर घातलं. "पाहू," एवढंच म्हणाले. सकाळी साडेदहा वाजले तरी आमचं नेट बंद आणि मामाजी तलावाकडे फिरायला. मी वाट पाहणाऱ्यातली नाही. राऊटरच्या मागच्या बारीक भोकात साडीची पिन खुपसली. दिवे विझले, पुन्हा लागले. पाळ्या पुसल्या गेल्या खऱ्या. त्यांच्यासोबत कनेक्शनही पुसलं गेलं. आता नेट कोणालाच नाही.

मामाजी आले. लाल दिव्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिनेकडे पाहिलं.

"तुडुमाची खीळच उपटली ना? तलाव रिकामा केला तुनं."

"मामाजी, पोरीची नोकरी जाऊन राहिली!"

"अकराले तुमचीच पाळी लावली होती. जनानं आपली रुचीले देली. तुले दम काहून नाही निघत?"

कंपनीचा पासवर्ड त्यांना पाठ होता. इंग्रजी अक्षरं येत नव्हती, आकार येत होते. मी पान उघडून बसले, ते सांगू लागले.

"बैलाचे शिंगं."

मी व्ही टाइप केला.

"घमेलं. मंग विळा."

यू, सी. पुढे खुंटा, शिडी, असं सगळं शिवार टाइप करून झालं. राऊटर म्हणाला, चुकलं.

"मामाजी, घमेलं लहान का मोठं?"

"धानाच्या रोवण्यावरच्या बाईच्या डोक्यावरचं. लहानच राहते ना!"

लहान यू टाकला. अकराच्या तोंडावर दिवा हिरवा झाला. रुचीला नोकरी लागली, आणि पहिला पेढा गेला जनाकाकूच्या घरी. हुकूम मामाजींचा.

मग त्यांनी सगळ्या पाळ्या माझ्याच हाताने पुन्हा लावून घेतल्या. सेटिंगच्या पानालाही तोच पासवर्ड ठेवायला सांगितला. म्हणाले, "मी गेलो का तू पाहाजो."

ते गेले. तुडूम माझ्याकडे आलं. सकाळ अजूनही जनाकाकूची आहे, आणि भाऊजी अजूनही शेवटी. मागच्या महिन्यात त्यांनी सेटिंगचा पासवर्ड मागितला. म्हटलं, घ्या लिहून. बैलाची शिंगं, घमेलं, विळा, खुंटा, शिडी. आता रोज संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहतात.

"वहिनी, घमेलं लहान का मोठं, तेवढं सांगा ना."

मी सुपारी कातरत विचारते, "काहून भाऊजी? धान वाळून राहिला का?"