पाणी कुठे मुरतं

संध्याकाळचे पाच वाजून पंचावन्न मिनिटं. न्हाणीघराच्या दारात बुटक्या स्टुलावर एक माणूस बसला आहे. समोर सायकलिंगचे दोन काळे बूट पालथे पडलेत आणि त्यांच्यातून अजून थेंब गळत आहेत. त्याने आधी स्वतःचे पाय कोरडे केले आहेत, बोटांच्या बेचक्यांसकट. मग हात-आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे नीट पाहिले आहेत. लाल डाग नाही, फोड नाही. आता बुटांची पाळी.

तो वेल्क्रोचे पट्टे उघडतो, बुटाची जीभ पार बाहेर ओढतो, आतली गादी काढतो. डाव्या बुटाची गादी साधी, बिस्किटाएवढ्या जाडीची. उजवीच्या पुढच्या टोकाला गुलाबी रंगाचा एक मऊ गोळा चिकटवलेला आहे. तो गोळा म्हणजे अंगठा. खरा अंगठा दोन वर्षांपूर्वी गेला.

माणूस चोपन्न वर्षांचा आहे आणि दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दुपारनंतर टेबलाशी बसून कवळ्या घासतो. सकाळी त्या कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या आणि साचे सायकलच्या मागच्या डब्यात घालून पाच दवाखान्यांत पोचवतो. गल्लीत त्याला बत्तीशी म्हणतात. धंदा दातांचा, आणि स्वतःचे दात तो सहसा कुणाला दाखवत नाही, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी फिट बसलं. गुलाबी अंगठाही त्यानेच केला. कवळी हिरडीला टोचू नये म्हणून तिच्या आत जे मऊ सिलिकॉन लावतात, त्याचा.

आज बूट भिजले ते चौकातली पाण्याची मोठी पाइपलाइन फुटल्यामुळे. पाणी पोटरीपर्यंत होतं. उतरून सायकल ढकलली असती तरी पाय भिजलेच असते, म्हणून तो पेडल मारत आला.

बायको स्वयंपाकघरातून विचारते, "किती आत गेलंय?"

"पार."

"मोजे?"

"पिळले."

"पाय बघितले का?"

"बघितले गं. आरशात बघितले. माझ्यापेक्षा माझे तळवे जास्त आरसा बघतात."

हे घर पायांबद्दल इतकं बोलतं त्याला कारण आहे. त्याला बरीच वर्षं शुगर आहे आणि तळव्यांची संवेदना जवळजवळ संपली आहे. गार, गरम, ओलं, कोरडं, टोचलेलं यातलं काही तळवे सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी असेच एकदा बूट धुतले होते. सकाळी त्याने पाय घातला, पायाला काही जाणवलं नाही, म्हणजे बूट कोरडे असं धरून तो दिवसभर फिरला. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा कातडी पांढरी पडून सुटलेली होती. जखम चिघळली. पायाने खोटी साक्ष दिली आणि अंगठ्याला शिक्षा झाली.

टाके काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओल्या बुटात पुन्हा जखम झाली, तर सायकल विसरा."

विसरण्यासारखी ती गोष्ट नाही. सायकल सुरू केल्यापासून शुगर आटोक्यात आली, एक गोळी कमी झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवसाचा तेवढाच भाग तो प्लास्टरच्या धुळीबाहेर असतो. त्या भागात कुणी त्याला "जरा घासून द्या हो" म्हणत नाही. साधे बूट घालूनही चालणार नाही. साध्या बुटातला पाय पेडलवरून घसरला तरी त्याला कळत नाही. नडगीवर दोन जुने व्रण आहेत ते त्याचेच. या बुटांच्या तळाला धातूचा तुकडा बसवलेला असतो, तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो. पाय जागेवर आहे हे तो त्या आवाजावरून ओळखतो. इतरांना जे तळव्याला कळतं, ते त्याला कानाने कळतं.

अंगठा गेल्यावर घरात एक नियम झाला. बूट भिजले तर ते वाळले की नाही हे बायकोचा हात ठरवणार. ती हॉटेलच्या कपडा विभागात आहे. दमट चादर घडी करून कपाटात गेली की तिसऱ्या दिवशी अख्खा गठ्ठा वास मारतो, म्हणून तिथे प्रत्येक घडीत हात घालून बघायची तिला सवय. दुसरा नियमही तिचाच. निकाल रात्रीच्या जेवणाआधी लागला पाहिजे, सकाळी नाही. "सकाळी घाईत हातसुद्धा 'चालेल' म्हणतो," असं तिचं मत आहे.

बत्तीशीला दुसऱ्याच्या हातावर सगळं सोडणं फारसं पटलं नाही. त्याने लॅबमधला जुना वजनकाटा घरी आणला, ज्यावर पूर्वी प्लास्टरची पावडर तोलायचे. बूट कोरडे ठणठणीत असताना त्यांचं वजन केलं आणि जिभेच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने आकडा टाकला. पाणी बाहेर गेलं की आकडा जुळणार, त्यात कुणाच्या हाताचा प्रश्न नाही. वरच्या मजल्यावर राहणारी मेव्हणी ही गोष्ट तिच्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना सांगते. भावोजींच्या पायात काटा गेला तरी कळत नाही, म्हणून त्यांनी घरात काटा आणला.

सव्वासहाला तो बुटातली माती नळाखाली धुतो. चिखल आत वाळला तर कागदासारखा खरखरतो, आणि खरखर त्याच्या पायाला कळणार नाही. मग जुना टॉवेल घेऊन बूट त्यात गुंडाळतो आणि गुडघ्याने दाबतो. टॉवेल जड होतो. दुसरा टॉवेल मागतो.

"चांगला घेऊ नका," बायको म्हणते.

"चांगला कुठला आहे आपल्याकडे?"

"तो निळा. त्याला हात लावायचा नाही."

निळा टॉवेल वाचतो. वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे बुटाच्या टोकापर्यंत जातात. ठासून भरायचे नाहीत, मध्ये हवा राहिली पाहिजे. पुरवणीचं गुळगुळीत पान पाणी पीत नाही, म्हणून ते बाजूला. पहिले बोळे पंधरा मिनिटांत लगदा होऊन बाहेर येतात, दुसरे जातात. दारात उभा पंखा लावलेला आहे. खुर्ची उलटी करून तिच्या दोन पायांवर बूट टोपीसारखे अडकवले आहेत, पंख्याच्या वाऱ्यात. तळाच्या धातूच्या तुकड्याला आणि त्याच्या स्क्रूंना तो तेलाचा एकेक थेंब देतो. आतल्या दोन्ही गाद्या फ्रिजवर, मागच्या बाजूला, जिथे जराशी ऊब असते.

साडेसहाला मेव्हणी खाली येते. हातात हेअर ड्रायर.

"ताईने फोन केला. म्हणाली, भावोजींचे बूट बुडाले."

"बूट बुडाले नाहीत. भिजलेत."

"मग हा घ्या. हळू वापरा हं, केसांचा आहे. तुमच्या डोक्यावर त्याला काम मिळालं नसतं, निदान पायाशी तरी मिळेल."

बत्तीशी टकलावरून हात फिरवतो. "गरम नको."

"का?"

उत्तर बायको देते. "मागच्या जोडाचं काय झालं ते विसरलीस वाटतं?"

मागचा जोड त्याने एकदा लॅबमध्ये वाळवला होता. साचे सुकवायला तिथे एक छोटी भट्टी असते. ओलं प्लास्टर आत ठेवायचं, कोरडं बाहेर काढायचं, हे तो आयुष्यभर करत आला. बूटही तसाच ठेवला. तासाभराने काढला तेव्हा कोरडा खरंच झाला होता, पण तळ चिकटवणाऱ्या गोंदाने जीव सोडला होता. पुढून तळ खाली लोंबत होता. लॅबमधल्या सगळ्यांनी येऊन पाहिलं. मालक म्हणाले, "याने तर आ वासलाय. माप घ्या, कवळी बसवू." त्या दिवशी बत्तीशी हसला, असं तिथे अजून सांगतात. तो स्वतः ते नाकारतो.

"मग गार हवा सोडा," मेव्हणी बटण दाखवते. "निळं बटण. गार."

तो दोन मिनिटं विचार करतो. मग ड्रायर घेऊन बुटाच्या टोकात गार हवा सोडत बसतो. पंख्याचा वारा पार टोकापर्यंत जात नाही, हे त्याला पटतं. मेव्हणी स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला कुजबुजल्यासारखं, पण ऐकू जाईल असं सांगते, "ऐकलं गं माझं. तारीख लिहून ठेव."

उद्या सकाळी पहिलं पार्सल एका निवृत्त गाणंशिक्षिकेचं आहे. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या. बाई तीन आठवडे पातळ पदार्थांवर आहेत. दवाखाना नऊला उघडतो आणि त्या पावणेनऊलाच दारात असतील, असं तिथल्या मुलीने फोनवर दोनदा बजावलं आहे. सायकलने गेलं की हा दवाखाना आणि त्याच्या वाटेवरचे आणखी दोन दुपारच्या आत होतात. बसने हा एकच होतो.

बोळे चौथ्यांदा बदलले जातात. आता ते फक्त दमट निघतात. डाव्या बुटाची साधी गादी वाळली आहे. तो ती बसवतो, बूट काट्यावर ठेवतो, जीभ उलटून आकडा बघतो. जुळतो. डावा पास.

आठ वाजून वीस मिनिटांनी तो उजवा बूट काट्यावर ठेवतो. काटा हलतो, थांबतो. चारशे दोन. जिभेवर चारशे दोन.

"अगं, झाले!" तो हाक मारतो. "ये. दोन्ही जुळले. ग्रॅमला ग्रॅम."

"आले."

"घाई नाही. आकडा बोलतोय."

"आकडा बोलू दे. मी हात घालते."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, आं?" मेव्हणी म्हणते.

बायको हात पुसून येते. डाव्या बुटात चार बोटं घालते, टोकापर्यंत नेते, उलट्या बाजूने अस्तरावर फिरवते. "हा चांगला आहे." बत्तीशी मान हलवतो. निकाल माहीत असलेल्या माणसासारखा.

ती उजव्या बुटात हात घालते. हात आतच राहतो. ती बोटं पुन्हा फिरवते, मग बाहेर काढून मनगटाला लावून बघते.

"काय?" तो विचारतो.

"कुठेतरी पाणी मुरतंय."

मेव्हणी फस्सकन हसते. नवराबायको हसत नाहीत.

"अगं, चारशे दोन आहे. हे बघ. मीच लिहिलंय."

"असेल चारशे दोन. टोकाला ओलं आहे. शिवणीशी. तुम्हाला हात घालून बघायचं तर बघा."

तो हात घालतो. पायाच्या तळव्यांना नाही तरी हाताच्या बोटांना त्याच्या अजून सगळं कळतं. तो हात बाहेर काढतो आणि बोटांकडे पाहतो. मग काट्याकडे. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर डावा बूट पुन्हा ठेवतो. डावा जुळतो. उजवा पुन्हा ठेवतो. चारशे दोन.

"भावोजी," मेव्हणी फ्रिजकडे बोट करते. "तिकडे अंगठा कुणाचा वाळतोय?"

फ्रिजवर उजव्या बुटाची गादी पडली आहे, गुलाबी गोळ्यासकट. चारशे दोन हा आकडा लिहिला तेव्हा ती बुटात होती. आज नाही. म्हणजे बुटात नेमकं तिच्याच वजनाचं पाणी आहे.

पंखा चालू आहे.

"मुद्दाम नाही केलं मी," तो म्हणतो.

"मी काही म्हटलं का?"

"तू बघतेस कशी ते बघ."

"मी बुटाकडे बघतेय."

"दवाखान्यात म्हातारी बाई उपाशी बसलीय. मला घाई होती, म्हणून..."

"म्हणूनच रात्री ठरवायचं," बायको म्हणते. तिने आवाज चढवलेला नाही. "दोन वर्षांपूर्वी सकाळी तुम्ही पाय घातला तेव्हाही मुद्दाम नव्हतं केलं."

मेव्हणी ड्रायरची वायर गुंडाळायला लागते, मग गुंडाळलेली वायर पुन्हा सोडते आणि ड्रायर तिथेच स्टुलावर ठेवते. "राहू दे इथे. उद्या संध्याकाळी नेईन."

तो गादी फ्रिजवरून आणतो, बुटात घालतो आणि काट्यावर ठेवतो. आकडा चारशेच्या बराच वर जातो. जिभेवरच्या आकड्यापुढे लिहायला पेन शोधतो, सापडतं, आणि बारीक अक्षरात लिहितो. गादीसकट. मग गादी पुन्हा काढतो, नवे बोळे करतो, या वेळी लहान, टोकाच्या शिवणीपर्यंत पोचतील असे. बूट खुर्चीच्या पायावर. पंखा थोडा जवळ.

"रात्रभर वाळेल," तो म्हणतो.

"वाळेल. उद्या संध्याकाळी पुन्हा हात घालीन. परवा घाला."

तो मान हलवतो. कपाटाखालून चालायचे साधे बूट काढतो, आत हात घालून बघतो, मग बायकोसमोर धरतो. तीही हात घालते. हे तिने मागितलं नव्हतं.

कवळ्यांचा डबा सायकलवरून काढून खांद्याच्या पिशवीत जातो. तो उरलेल्या दोन दवाखान्यांना फोन करतो, दुपारनंतर येतो म्हणून सांगतो. एकीकडे "बरं" म्हणतात, दुसरीकडे काय झालं म्हणून विचारतात. तो म्हणतो, "बूट ओले आहेत." पलीकडच्या मुलीला हा विनोद वाटतो.

"ए," तो मेव्हणीला विचारतो, "तू सकाळी जातेस ती बस किती वाजताची?"

मेव्हणी बहिणीकडे बघते. हा प्रश्न या घरात बऱ्याच महिन्यांनी आला आहे.

"सात चाळीस. पण भावोजी, तिच्यात बसायला मिळत नाही हं."

"मला कुठे बसायचंय? मी रोज बसूनच जातो."

उद्याची सात चाळीसची बस दवाखान्यासमोर थांबत नाही. आधीच्या चौकात उतरावं लागतं आणि तिथून दवाखाना साध्या, कोरड्या बुटांनी पायी बारा मिनिटांवर आहे.