शेगडीने फाडलेलं दार

कारकून त्रिंबकरावांनी दप्तरखान्याच्या दाराशी शेगडी ठेवली ती अगदी चांगल्या हेतूने. श्रावणाच्या पावसात सागाची ती जाडजूड फळी फुगली होती, दार चौकटीत बसेना, आणि उद्या मामलेदार तपासणीला यायचे होते. तासाभराने करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ बंदुकीच्या बारासारखा आवाज. दार खालपासून छातीपर्यंत उभं फाटलं. बोट आरपार जाईल एवढी फट!

जव्हार संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली होती. जुन्या कारकुनांतल्या कोणाला नव्या सरकारात कायम करायचं, ते मामलेदारांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. त्रिंबकरावांनी ताबडतोब जिव्या सुताराला बोलावणं धाडलं.

जिव्या म्हणजे वाकडा अंगठा, कानावर बिडी आणि साऱ्या जगाला एकेरी हाक. नांगर असो की पाळणा, त्याचा वेग एकच.

“शेगडी कुठं हाय तुझी?” आल्या आल्या त्याने विचारलं.

“पुन्हा शेगडी?”

“मंग सरस काय तुझ्या डोक्यावर तापवू?”

दार उतरवून त्याने फुगलेली कड रंध्याने तासली. फट साफ करून लाकूड चिकटवायचा ऊन सरस ओतला, दाराभोवती दोर आवळून त्यात काठी घातली आणि पीळ द्यायला लागला. एक पीळ द्यायचा, मग फळीला कान लावून बसायचं. लाकूड कर्र करी, की त्रिंबकराव डोळे गच्च मिटून घेत. जास्त ताणलं तर दुसरीकडून जाणार! शेवटी फट मिटली. तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा सागाचा तुकडा कोरून ठोकायचा होता.

“आतून बसव रे, दिसायला नको.”

“फाटलंय भायेर, नि ठिगळ आत?”

“बरं, साहेबांनी विचारलं तर जुनीच फट म्हण.”

जिव्या ठोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी जीपचा भोंगा वाजला तरी दोर सुटला नव्हता.

“सोड रे बाबा, आले ते!”

“सरस सुकू दे.”

जीप फाटकात शिरली तेव्हा कुठे शेवटचा पीळ उतरला. चौघांनी दार उचलून बिजागऱ्यांत घातलं न घातलं, तोच मामलेदार समोर. त्यांनी दार एका बोटाने लोटलं. अलगद बसलं. मग डमरूवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, “हे कशानं फाटलं?”

त्रिंबकरावांनी जिव्याकडे पाहिलं. जिव्या काडेपेटी शोधत होता. जुनी फट म्हणावं, तर हा तोंडावर खोटं पाडायचा!

“मीच, साहेब. सुकवायला शेगडी ठेवली होती.”

मामलेदारांनी दार पुन्हा एकदा लोटून पाहिलं. मग म्हणाले, “कायम झाल्याचा हुकूम हातात पडला की पहिलं काम करा. ती शेगडी घरी न्या.”

जीप गेल्यावर त्रिंबकराव पायरीवर बसले. “जिव्या, खरं सांग. मी जुनी फट म्हटलं असतं, तर तू बोलला असतास?”

जिव्याने बिडी पेटवली.

“खाली हातभर करपलंय, तो सायेब काय आंधळा होता?”