फरशीखालची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात सहादू गेला तो घरच्याच विहिरीत. देवळाली गावातलं त्याचं घर वडिलांच्या वेळचं, पत्र्याचं, परसात विहीर. ती आटली म्हणून तो आणि धाकटा भाऊ जयराम सुट्टीच्या दिवशी तळ खणत होते. "मुरूम ओला लागतोय!" असं सहादू खालून ओरडला, आणि बाजूची दरड त्याच्यावर कोसळली. वर काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर जयरामनं विहिरीच्या तोंडावर लोखंडी गज टाकून शहाबादी फरशा बसवल्या, वर पडवी काढली. घरात विहिरीचं नाव निघेनासं झालं.

सहादूची बायको चांगुणाबाई पालिकेच्या शाळेत शिकवायची. लेकीला, लताला, घेऊन ती तिथंच राहिली. दुपारी शाळेतून येऊन पडवीत टेकली, की फरशीखालून आवाज यायचा. ठक्. जरा थांबून पुन्हा ठक्. कुदळ कठीण जागी बसावी तसा. पत्रा तापून वाजतो, असं तिनं मनाला वर्षानुवर्षं समजावलं. पण पत्रा डोक्यावर होता आणि आवाज पायाखालून यायचा.

एकदा तिनं जयरामला सांगितलं.

"वहिनी, आपण भुतंखेतं मानत नाही."

"मी कुठं भूत म्हणतेय, भाऊजी? आवाज येतो, एवढंच म्हणतेय."

शहाऐंशीत पावसानं दडी मारली. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बोअरिंगमधून नुसती हवा यायला लागली. लता पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि घर भट्टीसारखं तापलेलं. तान्हं पोर ठेवायचं कुठं? चांगुणाबाईनं घरच बदलायला काढलं. पत्रे उतरवून कौलं चढवली. उन्हाकडची भिंत जाड करून तिला चुना दिला, बाहेर तोंडलीच्या वेलाला मांडव घातला. वळचणीला पन्हळ लावली. गवंड्यानं विचारलं, "हिचं पाणी सोडायचं कुठं?"

"विहिरीत," ती म्हणाली.

जयराम चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, ती उघडायची नाही."

"पावसाळ्यात छपराचं पाणी गटारात घालवायचं आणि उन्हाळ्यात टँकरपुढं उभं राहायचं. ते पाण्यासाठीच उतरले होते ना?"

फरशा काढल्या त्या सकाळी तिनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. इगतपुरीकडचा बहिरू विहिरी उपसायचं काम करायचा. आधी कंदील सोडून त्यानं हवा पाहिली, मग उतरला. ढासळलेली माती टोपलीनं वर येत राहिली. काही दिवसांनी ऐन दुपारी तो घाईघाईनं दोरावरून वर आला.

"बाई, खाली कातळ हाय. कुणीतरी खणलाय त्यो. कुदळीचे घाव हायेत, लय ताजे."

जयराम विहिरीच्या कडेला आला. "आम्ही कातळापर्यंत पोचलोच नव्हतो," तो म्हणाला. "मुरमातच होतो."

बहिरू पुन्हा उतरला नाही. टोपलीसुद्धा खालीच सोडून गेला. चांगुणाबाईनं वाकून पाहिलं. कातळाच्या भेगेत काळी ओल चमकत होती. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली, मग पदरानं तोंड पुसून आत गेली.

उरलेलं काम जयरामनं केलं. स्वतः उतरून त्यानं कडेनं दगड बांधून काढले, वर कठडा घातला. तो खाली काय पाहत होता, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

पावसाळ्यात छपराचं पाणी वाळू-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत उतरलं. लताचं पोर कौलांखाली गाढ झोपायचं. दिवाळीपर्यंत विहिरीत छातीएवढं पाणी झालं, आणि आवाज थांबला. सुटका वाटेल असं चांगुणाबाईला वाटलं होतं. पण दुपार झाली की घर फार मोकळं वाटे. शाळेतून आल्यावर ती कठड्याला कान लावून बसे. खाली पाणी गप्प असे.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची ठमाबाई कळशी घेऊन आली, तिच्यामागून गल्ली आली. चांगुणाबाईनं मागचं दार उघडंच ठेवलं.

एकोणनव्वदमध्ये लतानं इंदिरानगरात घर घेतलं आणि आईला न्यायला आली. "इथं एकटी राहतेस. भीती नाही वाटत?"

"वाटते ना," चांगुणाबाई म्हणाली. "पण मी आले तर बायकांना मागचं दार कोण उघडेल?"