कापतंय की घासतंय

लोखंड ओळखणारा माणूस म्हणून माझ्या मामेसासऱ्यांच्या तोडीचा दुसरा कोणी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही. असलाच तर तो आमच्या नात्यात नाही हे आमचं नशीब, कारण एका खानदानाला असा एकच माणूस पुरतो आणि वर उरतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अडतीस वर्षं ते लेथवर टर्नर होते, म्हणजे गरगर फिरणाऱ्या लोखंडाला टूल लावून त्याला हवा तो आकार देत होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण ती कागदोपत्री. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की तुम्हीही एक जॉबच, म्हणजे मशीनवर चढवलेला लोखंडाचा तुकडाच होता, आणि मामा तुम्हाला फिरवून फिरवून बघतात. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "कापतंय की घासतंय?" जे टूल हिमतीनं लोखंडात शिरतं आणि सरळ चीप, म्हणजे लोखंडाची साल काढतं, ते कापतं. जे भीत भीत नुसतं वरवर फिरतं ते घासतं, तापतं, आणि जॉबची वाट लावून स्वतःही झिजतं. मंत्र्याचं भाषण, शेजाऱ्यांचा नवा मिक्सर, टीव्हीवरची बॅटिंग, सगळ्यांचा निकाल ते याच दोन शब्दांत लावतात. मी लग्नाआधी पहिल्यांदा बायकोच्या घरी गेलो तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी माझ्याकडे पाच मिनिटं टक लावून पाहिलं. नंतर सासूबाईंनी विचारलं, "दादा, मुलगा कसा वाटला?" तर म्हणाले, "सध्या घासतोय. धार लावली तर कापेल." धार लावायचं ते काम बायकोनं मनावर घेतलं, ते आजतागायत चालू आहे.

खऱ्या धारेचं खातं मात्र मामांनी स्वतःकडे ठेवलंय. त्यांच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी ग्राइंडर आहे आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या सुऱ्या महिन्यातून एकदा तिथे हजेरी लावून येतात. एकच सुरी सगळ्याला वापरणारी बाई मामांच्या मते अडाणी. "टोमॅटो म्हणजे ॲल्युमिनियम. मऊ आणि चिकट. त्याला पातळ, तीक्ष्ण धार पाहिजे. गाजर म्हणजे कास्ट आयर्न, कडक पण ठिसूळ, तिथे धारेच्या मागे जाडी पाहिजे," असं ते माझ्या बायकोला समजावतात आणि प्रत्येक सुरीच्या मुठीवर तिचा कोन कोरून देतात. आमच्याकडे आलेल्या पाहुणीनं एकदा बावीस अंशाच्या, म्हणजे गाजराच्या सुरीनं टोमॅटो चिरला, तर मामांना जेवण गेलं नाही. माझ्याबरोबर ते एकदा केस कापायला आले होते. माझ्या डोक्याकडे थोडा वेळ बघून त्यांनी न्हाव्याला फीड, म्हणजे टूल पुढे सरकवायचा वेग, वाढवायला सांगितलं. न्हावी चांगला होता, त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही बाहेर बसता का जरा?"

लोक शोकेसमध्ये ट्रॉफ्या ठेवतात, मामांच्या शोकेसमध्ये काचेच्या बरण्या आहेत आणि बरण्यांत चिपा. चंदेरी, सोनेरी, जांभळट, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात गर्द निळ्या. कापताना निघणारी उष्णता चीपबरोबर बाहेर पडली पाहिजे, चीप तापून निळी झाली तरी चालेल, पण जॉब थंड राहिला पाहिजे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. मामी चिडून बोलायला लागल्या की मामा डोळा बारीक करून मला म्हणायचे, "निळी चीप निघतेय, निघू दे. जॉब गार आहे." आणि खरंच, दहा मिनिटांत मामी चहा आणून ठेवायच्या.

पण मामांची खरी मिजास त्यांच्या कानाची. डोंबिवली एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं, तिथे आता जुन्या मालकांची मुलगी बसते. तिनं कम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन घेतल्या, तरी मामांसाठी मशीनजवळ एक स्टूल ठेवलंय, आणि मामा आठवड्यातून चार दिवस डबा घेऊन तिथे जातात. गेटवर चहा पिता पिता ते म्हणायचे, "तीन नंबरचं टूल गेलं," आणि ऑपरेटरनं उघडून पाहिलं तर टूलची कड खरंच झिजलेली असायची. याच कानाचा घरी मामींना छळ होता. मामी विहारात बुद्धवंदनेला आणि भीमगीतांना पेटी वाजवतात, दर रविवारी मुलांना शिकवतात. रोज संध्याकाळी त्या सरावाला बसल्या की पेपरामागून आवाज यायचा, "ती चौथी पांढरी पट्टी घासतेय." मामी म्हणायच्या, "मग तुम्हीच वाजवा!" तीस वर्षं हे भांडण रोज ताजं होतं.

दोनेक वर्षांपूर्वी ते अचानक थांबलं. मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, हे आजकाल नुसतं 'छान, चालू दे' म्हणतात. माझं काही चुकलंय का हो?" मी हसलो. म्हटलं, वयानं माणूस मऊ होतो. आपण शहाणे आहोत असं ज्या ज्या वेळी मला वाटलंय, त्या यादीत ही वेळ बरीच वर लागेल.

मध्यंतरी एका दुपारी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मी वर्कशॉपवर गेलो. पंपासाठीचा एक लांब, बारीक शाफ्ट मशीनवर चालू होता आणि मशीन अशी किंचाळत होती की मी गेटवरच कानांत बोटं घातली. आत मालकीणबाईंनी आणि ऑपरेटरनंही घातलेली. मामा तेवढे स्टुलावर शांत बसलेले. मालकीणबाई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "काका, जरा ऐका ना, काय होतंय याला?" मामांनी सवयीनं डोळे मिटले, मान तिरकी केली, नीट ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. चालू दे."

मालकीणबाईंनी हळूच लाल बटण दाबलं. मामांनी डोळे उघडले, आमची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं. शाफ्टवर कपाळावरच्या आठ्यांसारख्या बारीक लाटा उठल्या होत्या. त्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, डबा उचलला आणि माझ्याआधी गेटबाहेर गेले.

पुढचे दहा दिवस मामा वर्कशॉपला गेले नाहीत. मी भेटायला गेलो तर बरण्या पुसत बसलेले. म्हणाले, "कान गेला की टर्नर गेला, जावईबापू. आता त्या स्टुलावर बसून मी नुसता घासणार. ती पोरगी चांगली आहे, बस म्हणेल. पण मीच कशाला बसू?" आम्ही त्यांना कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, यंत्र आणलं. ते त्यांनी एक दिवस लावलं आणि काढून मामींच्या हातात दिलं. "यात माणसं ऐकू येतात, मशीन नाही. नुसती माणसं ऐकून मी काय करू?"

अकराव्या दिवशी मालकीणबाईंचा मामींना फोन आला. शाफ्ट अजून बिघडतच होते, कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला तरी फरक नव्हता. मामींनी निरोप मोठ्यानं दोनदा सांगितला. मामा उठले आणि हत्यारांच्या पेटीतून लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. जुने कारागीर मशीनचं बेअरिंग तपासायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावतात आणि मूठ कानाला. मामांनी वर्कशॉपमध्ये जाऊन टोक मशीनच्या अंगाला लावलं, फिरत्या भागापासून चांगलं लांब, आणि मूठ धरली ती दातांत, म्हणजे थरथर कानाला बगल देऊन हाडांतून थेट आत! मी, मालकीणबाई आणि ऑपरेटर बघत राहिलो. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते तोंडातल्या मुठीसकट काहीतरी जोरात बोलले, जे कोणालाच समजलं नाही.

मूठ काढून ते ओरडले, "अरे, घासतंय! केवढं जाड नाक आहे टूलचं, ते शाफ्टला बाजूला ढकलतंय. बारीक नाकाचं लाव. स्पीड उतरव, फीड वाढव."

"काका, फीड वाढवला तर शाफ्टची वाट लागेल ना?" ऑपरेटर त्यांच्या कानाशी ओरडला.

"आत्ता काय आरती चाललीय त्याची? घाबरत हात लावलास तर लोखंड ओरडणारच. लाव!"

त्यानं टूल बदललं. मशीन सुरू झाली आणि किंचाळणं गेलं. नुसती एक भरीव घरघर, आणि खाली ट्रेमध्ये आखूड, गोल चिपा टपटप पडायला लागल्या. मामांनी पुन्हा मूठ दातांत धरली आणि आमच्याकडे न बघता मान डोलावली. मालकीणबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल आणलं, स्वतःच्या हातानं पुसलं आणि म्हणाल्या, "बसा काका. उद्या लवकर या." मामा बसले. मला मात्र चष्मा पुसावा लागला.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा मामी पेटी वाजवत होत्या. मामांनी चपला काढल्या, पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सरळ पेटीसमोर मांडी ठोकली.

"अहो, ओरखडा पडेल! आधी टोकाला फडकं गुंडाळा," मामी म्हणाल्या.

मामांनी मुकाट्यानं फडकं गुंडाळलं, टोक पेटीच्या लाकडाला टेकवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले. मामी वाजवत राहिल्या. एक गाणं पूर्ण झालं. मामांनी मूठ काढली आणि म्हणाले, "ती चौथी पांढरी अजून घासतेय."

मामींचा भात्यावरचा हात थांबला. मला वाटलं, आता निळी चीप. पण त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "दोन वर्षांनी सांगताय होय?"

ती चौथी पट्टी त्यांनी अजून दुरुस्त केलेली नाही. राहू दे म्हणतात. परवा गेलो तर मामांचे पुढचे दोन दात हलायला लागलेले. डॉक्टर काढायला सांगतात, मामा तयार नाहीत, मग मूठ कशात धरू म्हणतात. मामी हल्ली रोज संध्याकाळी अर्धा तास जास्त वाजवतात.