नणंदबाईंचा बोडका पोपट

कोणाचंही काहीही न ऐकण्याची परीक्षा सरकारने घेतली असती, तर आमच्या थोरल्या नणंदबाई अख्ख्या नागपूर विभागात पहिल्या आल्या असत्या आणि बक्षीस घ्यायला बोलावल्यावर ‘नाही येत’ म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. सगळे म्हणाले लग्न कर, म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. माझे सासरे, म्हणजे त्यांचे वडील, गेल्यावर सगळे म्हणाले, आता लकडगंजला भावाकडे राहा, म्हणून त्यांनी सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि दाराला स्वतःच्या नावाची पाटी ठोकली, तीही आमच्या पाटीपेक्षा मोठी. एकटी बाई कशी राहणार, असं कोणी म्हटलं की त्या विचारत, “राहायचं मले आहे, तुम्ही काहून घाबरून राहिले?”

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंककॉल जोडायची. तेव्हा मुंबईला बोलायचं तर आधी कॉल नोंदवून फोनपाशी ताटकळत बसावं लागे, आणि एकदाचा कॉल लागून बोलणं रंगात आलं की मध्येच एक बाई सांगे, ‘तीन मिनिटं झाली.’ ती बाई बरेचदा आमच्या नणंदबाई असत. तक्रार एवढीच, की घरीही त्या ड्युटीवरच असत. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ‘तीन मिनिटं झाली’ म्हणत. माझ्या मावससासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून बसता बसताच उठल्या होत्या. एरवी घरात चकार शब्द नाही. रात्रपाळीत बोलून गळा बसतो, तो घरी फुकट का झिजवायचा, हा त्यांचा हिशेब.

अशा मुक्या घरात पोपट आला. कामठीच्या छावणीतल्या एका सुभेदाराची बदली झाली होती आणि पाच पोरांच्या गोंगाटात वाढलेला हा मिठू त्याला बरोबर नेता येईना. ‘पोपट घेऊ नका,’ असं आम्ही म्हणालो आणि तिथेच चुकलो. लगेच पिंजरा नणंदबाईंच्या खोलीत टांगला गेला. फोनवरच्या माणसाला म्हणतात तसं मिठूला त्या एक्स्चेंजच्या भाषेत ‘पार्टी’ म्हणत. पार्टी जेवली, पार्टी उत्तर देत नाही, असं चाले. पार्टीला त्यांनी रात्रपाळीही लावली. घरातलं माणूस दिवसा झोपतं, तर पाखरानेही झोपलं पाहिजे. उजाडलं की पिंजऱ्यावर गोधडी पडे. अंधार झाला की गोधडी काढून, दिवा लावून, भिजवलेली डाळ ठेवून नणंदबाई कामावर जात.

थोड्याच दिवसांत पोपट स्वतःची पिसं उपटायला लागला. आधी छाती, मग पंखांखाली, मग पोट. नणंदबाईंनी कडुलिंबाच्या पाण्याने त्याला आंघोळ घातली, हळद लावली, जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर बराच वेळ पाहून म्हणाले, “म्हैस असती तर काही सांगितलं असतं.” मग जुन्या खणाची बंडी शिवून त्याला घातली. बंडीच्या चिंध्या करण्यात पोपटाचा एक दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आपल्या छातीकडे वळला.

मावससासूबाईंनी निकाल दिला, “एकट्या बाईच्या घरात पाखरूही टिकत नाही.” हे वाक्य नणंदबाईंना फार लागलं. आमच्या ह्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पोळ्यापर्यंत पोपट बरा झाला तर राहा इथे, नाही तर सामान बांध, असं हे म्हणाले. नणंदबाई इरेला पेटून म्हणाल्या, “कबूल.” त्या पैजेवर त्यांचं सगळं घर लागलं होतं. दाराची पाटी, एकटीची चूल, कोणाला न विचारता उघडायची खिडकी, सगळंच.

पोळ्याच्या आदल्या दुपारी हे सायकलरिक्षा घेऊन गेले. सोबत मी होते. पोपट तसाच बोडका. ह्यांनी पिंजरा उचलायला गोधडी ओढून काढली आणि नणंदबाई आडव्या आल्या.

“अवं बाई, पाखरू बोडकं झालं इथं, अन् तू म्हणते मी खुशाल आहे?”

“पाखरू बोडकं झालं गा, मी नाही झाली.”

“बाबा गेल्यापासून तू घरी एक घास खाल्ला नाही.”

“तू कधी ‘ये’ म्हटलं? हुकूम सोडला तू. चल म्हणे, सामान बांध.”

दोघांचेही आवाज गल्लीत ऐकू जात होते. मी घाबरून पिंजऱ्याकडे पाहत उभी होते, म्हणून मला दिसलं. पोपट चोच छातीतून काढून, मान वाकडी करून, जो बोलेल त्याच्याकडे पाहत होता. दोघं दमून थांबले, की चोच परत छातीकडे. मी म्हटलं, “बाई, पोपट पाहा.”

त्यांनी पाहिलं. मग भावाला म्हणाल्या, “थांबला काहून? बोल.”

“काय बोलू?”

“जे बोलून राहिला होता तेच. घरी चल म्हण.”

“घरी चल.”

“नाही येत.”

पोपट दांडीवर सरकत पुढे आला. रिक्षा रिकामीच परत गेली. तू पैज हरली, असं हे म्हणाले, तर नणंदबाई म्हणाल्या, “उपटणं थांबलं ना? पिसं काय एका रात्रीत येते?”

त्यांनी दिवसपाळी मागून घेतली, गोधडी ट्रंकेत गेली आणि हे रोज संध्याकाळी दुकान बंद करून बहिणीकडे भांडायला जाऊ लागले. कारणं संपली तेव्हा लहानपणी कोणाची पाटी कोणी फोडली इथपर्यंत मजल गेली. घड्याळाकडे कोणी पाहत नसे. ‘पोपटासाठी जावं लागतं’ असं हे मला सांगत आणि चपला घालताना गुणगुणत. पोपट हिरवागार झाला. छातीवर तेवढी एक जागा उघडी राहिली.

मग बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात हे गेले. आमची मुलं नोकरीसाठी परगावी होती. दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि मी नणंदबाईंकडे गेले. पिंजऱ्याखाली हिरवी पिसं पडली होती. त्या बाजेवर बसून होत्या. म्हणाल्या, “बोलणारं कोणी नाही वं.”

उभ्या जन्मात मी त्यांना उलटून बोलले नव्हते. पिंजऱ्यापुढे उभी राहून, ह्यांच्यासारखा आवाज चढवून मी म्हणाले, “बाई, घरी चला.”

त्या ताठ झाल्या. “नाही येत,” म्हणाल्या. मग बाजेवर थोड्या सरकल्या. “तूच ये इथं.”

मी लकडगंजला परत गेले ती फक्त कपडे आणायला. पुढे रोज संध्याकाळी आम्ही दोघी पोपटासाठी भांडायला बसत असू, आणि तो चोच छातीतून काढून ऐकत असे. पण मला ह्यांच्यासारखं भांडता येत नसे, आणि लागेल असं नणंदबाई मला कधी बोलल्याच नाहीत.