पाटलीणबाईच्या प्लेटा

माझ्या सासूबाईंचं नाव वच्छलाबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन गाव सोडायचं, वैजापूरच्या बाजूनं या शेतातून त्या शेतात मेंढरं बसवत फिरायचं आणि पाऊस लागायच्या आत माघारी यायचं. पुढं सासरे वारले, आमच्या मिस्टरांना, सोमनाथला, वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही हर्सूलला घर बांधलं. आत्याबाई शहरात आल्या खऱ्या, पण पाय घरात ठरेनात. सकाळी भाकरी खाऊन ज्या निघायच्या त्या हर्सूलच्या तलावाच्या अंगाला कुणाची शेळ्या-म्हसरं दिसली की तिथंच बसायच्या. मी अंगणवाडी आटोपून त्यांना शोधत जायची.

तीन वर्षांपूर्वी गच्चीवर सोलरच्या चार प्लेटा बसवल्या आणि त्यांना जरा उद्योग मिळाला. रोज सकाळी बादली आणि जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन वर जायचं, प्लेटा पुसायच्या, त्यांच्या कडेला वाळवण घालायचं आणि काठी घेऊन कबुतरांना हाकलत बसायचं. कुणी म्हणालं, "आजी, रोज कशाला पुसता?" तर त्या म्हणायच्या, "अंगावर धूळ घिऊन त्यांनी तरी का राबावं?"

गेल्या थंडीत गावाकडून निरोप आला की मुक्ताबाई घाटी दवाखान्यात आहेत. हे नाव मी घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की बाईंना न बघताच ओळखत होते. पाटलाच्या घरच्या, वैजापूरजवळ त्यांची शेती. आत्याबाईंचा कळप वीसेक वर्षं दरसाल त्यांच्या रानात बसायचा. मेंढरांच्या लेंडीनं जमिनीला खत मिळायचं, त्या बदल्यात मुक्ताबाईंनी ज्वारी द्यायची, असा करार. आणि दरसाल त्या ज्वारीवरून दोघींचं कडाक्याचं भांडण. "पायलीला हात मारून भरता," असं आत्याबाईंनी म्हणायचं, "मेंढरं अर्धी रात्र दुसऱ्याच्या रानात होती," असं मुक्ताबाईंनी म्हणायचं. तरी पुढच्या साली कळप त्याच बांधाला हजर. एका वर्षी गारपीट झाली, तेव्हा मुक्ताबाईंनी नेसत्या लुगड्यानिशी धावत येऊन सगळी कोकरं आपल्या स्वयंपाकघरात नेली होती. चुलीभोवती कोकरं आणि मधे मुक्ताबाई, ही हकीकत आत्याबाई आजही हसत सांगतात. दुसऱ्याच दिवशी घर घाण झालं म्हणून त्यांनी शिव्या दिल्या, हेही सांगतात.

आम्ही दोघी घाटीत गेलो. मुक्ताबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी, हात काटक्यांसारखे. चुलीच्या धुरानं म्हणा, कशानं म्हणा, फुप्फुसं निकामी होत आली होती. डॉक्टरांचं म्हणणं होतं की घरी सोडायला हरकत नाही, पण हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन दिवसरात्र लावावं लागेल, आणि ते विजेवर चालतं. मशीन घेतलं होतं. वीज कुठून आणायची हाच प्रश्न होता. गावात तर लाइटीचा भरवसा नाही. मुलगी सुलेखा उशाशी उभी होती, पण ती राहायला नाशिकला, तिच्या दोन खोल्यांत आधीच आजारी सासरे.

"मी गावालाच जाते," मुक्ताबाई म्हणाल्या. चार शब्द बोलायला दोनदा थांबल्या. "काय व्हायचं ते होईल."

आत्याबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाटलीणबाई, हर्सूलला चला. आमच्याकडं लाइट जास्त जात नाय. गच्चीवर सोलरबी हाय."

सुलेखा रडायला लागली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. शहागंज मागं पडल्यावर आत्याबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुला इचारायचं राह्यलं गं. रागावलीस?"

रागावले नव्हते असं नाही. पण त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या खोलीतली खाट खिडकीजवळ घ्यावी लागेल."

मुक्ताबाई आल्या. मशीनची घरघर घरात सुरू झाली. आठवडाभरात आम्हाला ती ऐकू येईनाशीही झाली. आत्याबाई त्यांना पाटलीणबाई, अहो-जाहो करायच्या, पाट आणि तांब्या आधी त्यांच्यापुढं ठेवायच्या. मुक्ताबाई संकोचून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "वच्छे, मला आता मुक्ता म्हण. तसं म्हणणारं कोणी राह्यलं नाय." आत्याबाईंनी मान हलवली, पण जीभ वळेना.

मग एके दिवशी भर दुपारी लाइट गेली. मशीन एकदम टीं टीं करायला लागलं आणि बंद पडलं. मुक्ताबाईंचे ओठ निळे पडायला लागले. मी धावत जाऊन दवाखान्यानं दिलेला छोटा सिलिंडर ओढत आणला, चावी फिरेना. आत्याबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत ओरडत होत्या, "मुक्ते, श्वास घे! मुक्ते, माझ्याकडं बघ!" सिलिंडर सुरू झाला, हळूहळू ओठांचा रंग परतला. तेव्हा कुठं आत्याबाई उठल्या. गच्चीवर गेल्या. वर ऊन नुसतं तापत होतं आणि चारी प्लेटा त्या उन्हात चकाकत होत्या.

संध्याकाळी मिस्टर घरात पाऊल टाकतात तोच आत्याबाईंनी त्यांना धरलं. "सोमनाथ, ऊन डोक्यावर अन् मशीन बंद! मग त्या प्लेटा काय शोभेला बसवल्या?"

त्यांनी आईला समजावलं. "बाई, आपलं सोलर बाहेरच्या लाइनीला जोडलेलं हाय. लाइन गेली की तेबी आपोआप बंद पडतं. नायतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरची वीज झटका दिईल."

आत्याबाई म्हणाल्या, "बरुबर हाय. खांबावरच्याचा जीवबी जीवच. पन मग हिचं काय करायचं ते सांग."

करायचं होतं ते असं: वीज साठवायला बॅटरी, आणि मशीन दिवसरात्र ओढत होतं ती भरून काढायला आणखी प्लेटा. सोलरच्या दुकानातून दिपाली नावाची मुलगी आली. पाठीला बॅग, हातात टेप. गच्ची मोजली, जुन्या प्लेटांचे नंबर बघितले आणि आत्याबाईंशेजारी मांडी घालून बसली.

"आजी, तुमच्या प्लेटा आता मिळत नाहीत. नव्या मोठ्या येतात, ताकद जास्त. दोन बसवल्या तरी जवळजवळ या चारांएवढं काम करतील. पण जुन्यांच्या रांगेत त्यांना जोडायचं नाही, नाहीतर त्या जुन्यांच्याच चालीनं चालतील. त्यांची रांग वेगळी. आणि इन्व्हर्टर बदलायचा, बॅटरी चालवणारा घ्यायचा. लाइन गेली की तो घर बाहेरच्या लाइनीपासून वेगळं करतो, म्हणजे खांबावरच्या माणसाला धोका नाही."

"म्हंजी म्हातारी अन् तरणी मेंढरं एका वाड्यात नकोत."

"तसंच समजा," दिपाली हसली. "पण अडचण दुसरीच आहे. जागा फक्त या कोपऱ्यात आहे, आणि दुपारनंतर इथं त्या शेवग्याची सावली येते. प्लेटेच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी सगळ्या रांगेचं काम मंदावतं."

शेवगा आत्याबाईंनी घराच्या पायाबरोबर लावलेला. गल्लीतल्या निम्म्या घरांची शेंगांची आमटी त्याच्यावर. खाली खाटेवरून मुक्ताबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "तिला सांग, माझ्यापायी झाड तोडू नको म्हणावं."

आत्याबाई जिन्यातूनच ओरडल्या, "तोडत नाय गं, भादरते! मेंढीची लोकर भादरल्यावर मेंढी मरती का? शेवगा हाय तो. पुन्हा फुटंल, पुन्हा भादरीन."

खरं भांडण लागलं ते पैशावरून. मुक्ताबाई म्हणाल्या, नव्या प्लेटा आणि बॅटरी माझ्या खर्चानं, सुलेखा माझ्या रानातल्या कांद्याचे पैसे पाठवेल. आत्याबाई म्हणाल्या, घरी आलेल्या माणसाकडून घ्यायची आमची रीत नाय. मुक्ताबाई म्हणाल्या, "फुकटची हवा घ्यायला मी भिकारीण हाय का?" आत्याबाई म्हणाल्या, "तुला मी भिकारीण म्हन्ले का? म्हन्ले का? घरातल्या सगळ्यांनी सांगा!" बोलता बोलता पाटलीणबाई आणि अहो-जाहो दोन्ही गळून पडलं होतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग दोन दिवस अबोला. जेवणाचं ताट एकीनं ठेवायचं, दुसरीनं भिंतीकडं बघत उचलायचं. मशीनची घरघर पुन्हा मोठ्यानं ऐकू यायला लागली.

शेवटी मीच म्हणाले, "आत्याबाई, तुमचा पहिला करार काय होता? जमीन ह्यांची, मेंढरं तुमची. कुणी कुणाचं फुकट खाल्लं का? मग आता गच्ची आपली, प्लेटा ह्यांच्या."

आत्याबाईंनी मुक्ताबाईंकडं पाहिलं. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. "म्हंजी आता जमीन माझी अन् मेंढरं हिची व्हय गं?"

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या, "अन् ज्वारी तू द्यायची. पायली नीट भरून."

हसता हसता मुक्ताबाईंना खोकल्याची उबळ आली. आत्याबाई पाठ चोळत बसल्या.

परवानगीचे कागद होऊन काम सुरू व्हायला फाल्गुन उजाडला. शेवगा भादरला, शेंगा गल्लीत वाटल्या. दिपालीबरोबर दोन माणसं आली, प्लेटा टेकवायला लोखंडी घोडे रोवले, दोन मोठ्या काळ्या प्लेटा जिन्यातून जपून वर चढवल्या. मुक्ताबाईंना वर जाता येत नव्हतं. म्हणून माझ्या मुलीनं, अपेक्षानं, मोबाईलवर त्यांना सगळं दाखवलं. त्या मधेच म्हणाल्या, "ती डावीकडची तिरपी दिसती." दिपालीनं पट्टी लावून बघितली. प्लेट सरळ होती. मोबाईल तिरका होता.

चैत्रात एका दुपारी मी घरी आले तर दोघी परातीत तूर निवडत बसलेल्या, पंखा फिरतोय, मशीन चाललंय. तेवढ्यात समोरच्या आशाबाई तान्ह्या नातवाला घेऊन दारात. बाळ घामानं भिजून किंचाळत होतं.

"तुमच्याकडं लाइट हाय?" आशाबाईंनी विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "हाय की. का गं?"

"सगळ्या गल्लीची कधीची गेली!"

आम्हाला पत्ताच नव्हता. आत्याबाईंनी परात खाली ठेवली, मशीनवर हात ठेवून बघितला, मग मुक्ताबाईंच्या ओठांकडं निरखून पाहिलं. आणि तिथंच खाटेच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"रडतीस काय येड्यावानी?" मुक्ताबाई म्हणाल्या. "त्या पोराला घे आधी, पंख्याखाली धर." पण त्यांनीही आत्याबाईंचं मनगट धरलं होतं, आणि बराच वेळ सोडलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात पुढची खोली बायका-पोरांनी भरून गेली. मी उपिटाचा रवा भाजायला घेतला.

इन्व्हर्टरबरोबर मोबाईलवर एक सोय आली आहे, दोन्ही रांगांनी किती वीज केली ते वेगवेगळं दिसतं. अपेक्षानं ते दाखवायला नको होतं. आता रोज संध्याकाळी दोघी तिला बसवून आकडे वाचून घेतात. मुक्ताबाईंच्या दोन प्लेटा आत्याबाईंच्या चारांच्या मागंमागंच असतात, एखाद्या दिवशी पुढंही जातात. मग आत्याबाई म्हणतात, माझ्यावर कबुतरं बसली व्हती. मुक्ताबाई म्हणतात, माझ्या तू मुद्दाम नीट पुसत नाहीस. पण एकदा मी गच्चीवर गेले तेव्हा आत्याबाई नव्या प्लेटा दोनदा पुसताना दिसल्या. मला बघून त्यांनी फडकं घाईघाईनं पिळलं.

ज्येष्ठात सुलेखा आईला न्यायला आली. तिनं मोठ्या खोल्यांचं घर घेतलं होतं. आत्याबाईंनी तोंडानं "जा, लेकीचं घर हाय" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागल्या. मुक्ताबाईंनी लेकीला जवळ बसवून घेतलं. "तुझ्याकडं येईन. पन माझ्या प्लेटा हितं हायत. त्या टाकून कसं यावं?" सुलेखानं आईचा चेहरा बघितला आणि तिचे कपडे भरायला आणलेली बॅग उघडली नाही. आता ती महिन्या-दोन महिन्यांनी येऊन राहून जाते.

मुक्ताबाई बऱ्या झाल्या असं नाही, तो आजार बरा होणारा नाही. पण तेव्हापासून घाटीत भरती व्हावं लागलेलं नाही, आणि लांब नळी आणल्यापासून त्या दारातल्या ओट्यापर्यंत येऊन बसतात. सध्या ढगाळ दिवस आहेत, दोन्ही रांगांचे आकडे खाली आलेत. काल अंगणवाडीतून येताना गल्लीच्या तोंडाशीच दोघींचे आवाज कानावर आले. कुणाच्या प्लेटेवर ढग जास्त वेळ थांबतो यावरून जुंपली होती. मुक्ताबाई तावातावानं बोलत होत्या, मधे न थांबता. मी चपला काढल्या आणि चहा टाकायला आत गेले.